मॅच नको, सरसकट तीन टक्के द्या

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींत एक रडगाणं ठरलेलं असतं. पाडव्याच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कोणीतरी सांगतोच, "अरे माझ्या ४०१के मधले (म्हणजे पगारातून टॅक्स न लावता निवृत्तीसाठी बाजूला ठेवायच्या खात्यातले) चार हजार डॉलर कंपनीने परत पाठवले, वर त्यावर टॅक्स भरा म्हणे, काय तर टेस्ट फेल झाली." शेजारचा विचारतो कसली टेस्ट, तर उत्तर येतं की ते वेअरहाऊसमधले लोक पैसे टाकत नाहीत ना, त्याची शिक्षा आम्हाला. आजूबाजूचे सगळे माना डोलावतात. अन्याय झालाय यावर एकमत.

मला हे एकमत अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की या सगळ्या ४०१के प्रकारात ती टेस्ट ही एकच जागा होती जिथे साहेबाची बचत खालच्या माणसाच्या बचतीला बांधलेली होती, आणि ती गाठ कायद्याने हळूहळू सैल करून टाकली. टेस्ट फार कडक आहे म्हणून ओरडतात लोक, पण टेस्ट भोंगळ आहे, आणि तिच्यातून सुटायची जी वाट ठेवलीय ती त्याहून भोंगळ. आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे मॅच, म्हणजे तुम्ही टाकलेल्या पैशांमागे कंपनी स्वतःचे घालते ते, ज्याला आपण फुकटचे पैसे म्हणतो आणि नवीन आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतो की बाबा रे, बाकी काही कर पण मॅच सोडू नको.

आधी टेस्ट काय ते सांगतो, कारण ज्यांचे पैसे परत येतात त्यांनाही ती नीट माहीत नसते. तिचं नाव नॉनडिस्क्रिमिनेशन टेस्ट, म्हणजे भेदभाव होत नाही ना ते बघायची, पण भेदभाव म्हटलं तरी इथे रंग, वंश, बाई-पुरुष यातलं काही बघत नाहीत, फक्त पगार आणि मालकी बघतात. कंपनीतल्या लोकांचे दोन गट पाडायचे. ज्यांचा आदल्या वर्षीचा पगार एका आकड्याच्या वर (२०२५ च्या टेस्टला २०२४ चा पगार १,५५,००० डॉलर, २०२६ च्या टेस्टला २०२५ चा १,६०,०००) किंवा ज्यांची कंपनीत ५ टक्क्यांहून जास्त मालकी, ते एचसीई, म्हणजे वरच्या पगाराचे. बाकी सगळे नॉन-एचसीई. मालकाची बायको, मुलं, आईवडील पण वरच्याच गटात धरतात, मग ती बायको हिशेब बघायचे वर्षाला वीस हजार का घेत असेना. मग प्रत्येकाने पगाराच्या किती टक्के ४०१के मध्ये टाकले ते काढायचं आणि दोन्ही गटांची सरासरी लावायची. खालच्या गटाची सरासरी २ टक्क्यांपर्यंत असेल तर वरच्या गटाची तिच्या दुप्पट चालते, २ ते ८ असेल तर त्यात २ मिळवायचे, ८ च्या वर गेली तर सव्वापट. ही एडीपी टेस्ट. मॅचच्या पैशांना असंच गणित परत लावतात, ती एसीपी.

आता एखाद्या कंपनीत खालच्या गटाची सरासरी ३.१ आली, तर वरच्यांची ५.१ च्या वर जाऊ शकत नाही. आपला १,७०,००० वाला इंजिनियर २०२५ ची मर्यादा म्हणजे पूर्ण २३,५०० टाकतो, ते झाले जवळजवळ १४ टक्के. असे चारपाच जण जमले की टेस्ट गेलीच. मग कंपनीपुढे दोन पर्याय असतात, एक तर खालच्यांच्या खात्यात स्वतःच्या खिशातून पैसे घालून सरासरी वर आणा, नाहीतर वरच्यांचे जास्तीचे पैसे परत करा, आणि वर्ष संपल्यावर अडीच महिन्यांत केलं नाही तर कंपनीला त्या रकमेवर १० टक्के दंड. म्हणून ते मार्चमध्ये येतं. कंपनी कुठला पर्याय निवडते हे वेगळं सांगायला नको, परत करायला तिचा छदामही खर्च होत नाही.

आणि एक गोष्ट, चार हजार परत आले म्हणजे चार हजार गेले असं नाही. पैसे तुमचेच आहेत, तुमच्याच खात्यात आले, फक्त त्यावरचा टॅक्स म्हातारपणी भरायचा तो आता भरावा लागला. २४ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ९६० डॉलर. त्या रकमेवर मॅच मिळाला असेल तर तो जातो, ते खरं दुखणं, पण बहुतेकांचा मॅच पहिल्या पाचसहा टक्क्यांवरच संपलेला असतो, त्यामुळे तिथेही फारसं काही जात नाही.

ही टेस्ट आली कुठून? पेन्शन योजनेत टॅक्सची सवलत पाहिजे तर ती फक्त साहेब लोकांसाठी ठेवता येणार नाही हे तत्त्व अमेरिकेत १९४२ च्या कायद्यापासूनचं. सरकार टॅक्स सोडतं म्हणजे सगळ्यांच्या खिशातून देतं, मग त्याचा फायदा खालपर्यंत गेला पाहिजे, इतकं साधं. सत्तरच्या दशकात रॉचेस्टरच्या कोडॅक, झेरॉक्ससारख्या कंपन्यांना बोनसचा काही भाग टॅक्स न लावता बाजूला ठेवायचा होता, तिथले खासदार बार्बर कोनाबल (हेच पुढे वर्ल्ड बँकेचे अध्यक्ष झाले) त्यांनी जोर लावला आणि १९७८ च्या कायद्यात ४०१ कलमाखाली ते छोटं 'के' पोटकलम आलं. टेस्ट त्याच्या सोबतच आली, सवलत घ्या पण खालच्यांची सरासरी बघून.

मॅचचा जन्म याच टेस्टमुळे झाला हे फार थोड्यांना माहीत असतं. १९८० मध्ये पेनसिल्व्हानियातल्या टेड बेना नावाच्या बेनिफिट्स सल्लागाराने हे कलम वाचून डोकं लावलं की वरच्यांना भरपूर टाकायचं असेल तर खालच्यांना टाकायला लावलं पाहिजे, आणि खालचे टाकतील कशाला, तर कंपनीने त्यांच्या डॉलरमागे स्वतःचे थोडे घातले तर टाकतील. ज्या बँकेसाठी त्याने ही आयडिया काढली तिच्या वकिलाने नको म्हटलं, तर त्याने आपल्याच फर्ममध्ये ती सुरू केली, जानेवारी १९८१ पासून. मॅच म्हणजे कंपनीचं औदार्य नव्हतं हो, ते आमिष होतं, खालच्यांनी आत यावं म्हणजे वरच्यांची टेस्ट पास व्हावी. मला त्यात वावगं काही दिसत नाही. साहेबाला स्वतःचे २३,५०० टाकायचे असतील तर त्याला शिपायाकडे जाऊन समजवावं लागतंय, फॉर्म भरून घ्यावा लागतोय, एचआरला कामाला लावावं लागतंय, हे चांगलंच आहे की.

पण मॅच कोणाला मिळतो ते बघा. समजा कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत निम्मा मॅच देते. आपला १,७०,००० वाला ६ टक्के टाकतो म्हणजे १०,२००, त्याला कंपनीचे ५,१०० मिळतात. तिथेच पॅकिंगला ३८,००० वर असलेली बाई, तिने ६ टक्के टाकायचे म्हणजे २,२८० डॉलर, महिन्याला १९०. न्यू जर्सीत घरभाडं, गाडीचा इन्शुरन्स, डे-केअर देऊन ३८ हजारात महिन्याला १९० काढायचे म्हणजे पोटाला चिमटा घेणं आहे, आणि काढलेच तर तिला मिळणार १,१४०. शंभर डॉलर टाकल्यावर तिचा टॅक्स वाचतो १२, ह्याचा २४. म्हणजे सरकारकडून जास्त ह्याला, कंपनीकडून जास्त ह्याला, आणि तिने नाही टाकले तर कंपनीकडून शून्य, आणि पाडव्याला आपण म्हणणार की ते लोक टाकत नाहीत. दात आहेत तर चणे नाहीत अशी तिची गत, आणि आपण तिला दातांवर व्याख्यान देतो.

टेस्ट हे पकडत नाही का? नाही. कारण टेस्ट सरासरी बघते, माणूस बघत नाही. खालच्या गटात वीस जण आहेत, त्यातले चौदा काहीच टाकत नाहीत, सहा जण दहा दहा टक्के टाकतात, कोणी आईवडिलांकडे राहणारा पोरगा, कोणाच्या नवऱ्याला चांगला पगार. सरासरी आली ३, वरच्यांना ५ पर्यंत मोकळीक, टेस्ट पास. चौदा जणांच्या खात्यात एक डॉलर नाही आणि कागदावर भेदभाव नाही. शिवाय जी बाई संध्याकाळी येऊन ऑफिस झाडते ती बहुतेक वेळा कंपनीच्या पेरोलवरच नसते, कंत्राटदाराकडे असते, तिला तर त्या सरासरीतही जागा नाही. २०२५ पासून सलग दोन वर्षं प्रत्येकी ५०० तास काम केलेल्या पार्ट-टाइम लोकांना प्लॅनमध्ये घ्यावं लागतं ते ठीक, पण त्यांना मॅच दिलाच पाहिजे असं नाही आणि टेस्टमधून त्यांना वगळायची सोय आहे. म्हणजे ये आत, पण पानावर बसू नकोस.

तरीही भोंगळ का असेना, टेस्ट होती तोवर वरच्यांना खालच्यांची पडलेली होती. ती गरज संपली १९९६ च्या कायद्याने, १९९९ पासून, सेफ हार्बर आल्यावर. सेफ हार्बर म्हणजे कंपनीने एक ठरावीक रक्कम दिली की एडीपी टेस्ट करायचीच नाही, पास धरून चालायचं. रक्कम द्यायच्या दोन मुख्य पद्धती. एक, सगळ्या पात्र लोकांना, ते स्वतः काही टाकोत न टाकोत, पगाराच्या ३ टक्के सरसकट. दुसरी, मॅच, पहिल्या ३ टक्क्यांना पूर्ण आणि पुढच्या २ ला निम्मा, म्हणजे जो ५ टाकेल त्याला ४. दोन्हीत पैसे पहिल्या दिवसापासून कामगाराचे, ही मात्र मोठी जमेची बाजू, कारण साध्या मॅचला कंपनी तीन वर्षं नोकरीत टिकायची अट घालू शकते आणि आपल्यातल्या एच-१बी वाल्या किती जणांचा मॅच ले-ऑफमध्ये असा दुसऱ्या वर्षी बुडालाय ते प्रत्येकाने आपापल्या ओळखीत मोजावं.

आता हा दुसरा पर्याय नीट बघा. समजा एका डेंटिस्टचं क्लिनिक आहे, ती स्वतः ५८ वर्षांची, पगार ३,५०,००० घेते, हाताखाली बारा माणसं, सरासरी पगार ४०,०००, म्हणजे त्यांचा एकूण पगार ४,८०,०००. तिने सेफ हार्बर मॅच ठेवला. ती स्वतः २०२५ मध्ये २३,५०० आणि पन्नाशीच्या वरच्यांचे जास्तीचे ७,५०० टाकते, झाले ३१,०००, वर स्वतःच्याच क्लिनिककडून ४ टक्के मॅच, १४,०००. पंचेचाळीस हजार तिथेच झाले. बाराच्या बारा जणांनी ५ टक्के टाकले तर तिला त्यांच्यासाठी १९,२०० द्यावे लागतील. पण चारच जण आले तर ६,४००. आणि एकही आला नाही तर शून्य, आणि तरीही तिची टेस्ट पास! तिचे पंचेचाळीस हजार कुठे गेले नाहीत.

म्हणजे गणित पूर्ण उलटं झालं. टेस्ट होती तेव्हा खालचे आले नाहीत तर मालकाचं नुकसान. आता खालचे आले नाहीत तर मालकाचा फायदा, प्रत्येक न भरलेला फॉर्म म्हणजे तिची सोळाशे डॉलरची बचत. मी असं म्हणत नाही की मालक लोक मुद्दाम फॉर्म लपवतात, बहुतेक चांगले असतात, पण ज्या कायद्यात गप्प बसायचे पैसे मिळतात तिथे लोक गप्प बसतात. नोटीस द्यावी लागते ती देतात, आठ पानी, वकिली इंग्रजीत, आणि रिसेप्शनवरची मुलगी सही करून ड्रॉवरमध्ये टाकते. याला आपल्याकडे आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात, इथे तर आवळाही घ्यायला कोणी आलं नाही तरी चालतं.

म्हणून माझं म्हणणं की सेफ हार्बरमधला मॅचचा पर्याय काढून टाका. ज्या मालकाला टेस्टमधून सुटका पाहिजे त्याने सरसकट ३ टक्के द्यावेत, सगळ्यांना. वरच्या क्लिनिकचं बघितलं तर १४,४०० होतात. ४०,००० वाल्या माणसाच्या खात्यात वर्षाला १,२०० पडतात, त्याने स्वतः एक पैसा न टाकता. वीस वर्षांत ती काही गडगंज रक्कम होणार नाही, पण शून्य आणि काहीतरी यातला फरक मोठा असतो, आणि ज्याच्या खात्यात आधीच काही आहे तो पुढे स्वतःचेही टाकायला लागतो असं मला आसपास दिसतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की फुकट दिलं तर लोक स्वतः बचत करणार नाहीत, मॅचमुळे सवय लागते. सवय लागते ती मॅचने नाही, आपोआप नाव घातल्याने. २००१ मध्ये मॅड्रियन आणि शे यांनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास केला, तिथे मॅच तोच ठेवून फक्त नवीन माणसाचं नाव आपोआप प्लॅनमध्ये घालायला सुरुवात केली (नको असेल तर त्याने बाहेर पडावं), तर भाग घेणारे प्रचंड वाढले. हे सरकारलाही पटलंय, २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या सिक्युअर २.० कायद्यानंतर सुरू झालेल्या बहुतेक प्लॅनना २०२५ पासून ३ ते १० टक्क्यांवर आपोआप नाव घालणं सक्तीचं झालं. पण जुने प्लॅन त्यातून सुटले, दहा किंवा त्याहून कमी माणसांच्या कंपन्या सुटल्या, म्हणजे जिथे खरी गरज तिथेच सूट.

दुसरा आक्षेप आपल्या लोकांचा, आणि त्यात तथ्य आहे. १,६५,००० पगार म्हणजे काही श्रीमंती नाही, सॅन होजेत किंवा एडिसनला दोन मुलांचं घर चालवून काय उरतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि कायद्याचा आकडा मिसिसिपीत तोच आणि कॅलिफोर्नियात तोच. त्यात आपण इथे येतो तिशी ओलांडल्यावर, गावाकडचा पीएफ फ्लॅटच्या डाऊन पेमेंटमध्ये गेलेला, निवृत्तीची सुरुवातच उशिरा, आणि मालकाला धरायला लावलेल्या जाळ्यात पगारदार माणूस सापडतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं. हे मान्य. पण त्यावर उपाय कायद्यातच आहे आणि तो कोणी मागत नाही. कंपनीला ठरवता येतं की पगारावरून एचसीई धरताना फक्त वरच्या २० टक्के लोकांनाच धरायचं. जिथे निम्म्याहून जास्त इंजिनियर आहेत अशा कंपनीत हा पर्याय घेतला की बरेच जण वरच्या गटातून खाली येतात, आणि त्यांचे मोठे टक्के खालच्या सरासरीत मोजले जातात. एचआरला एक ईमेल टाकून विचारा की टॉप-पेड ग्रुपचा पर्याय घेतलाय का. वेअरहाऊसवाल्यांना नावं ठेवण्यापेक्षा ते जास्त उपयोगी. (हा पर्याय घेतल्यावर वेअरहाऊसवाल्यांचं टेस्टमधलं वजन आणखी कमी होतं ही त्याची दुसरी बाजू, म्हणूनच मी टेस्टपेक्षा सरसकट ३ टक्क्यांवर जास्त भर देतोय.)

"त्यापेक्षा आपला पीएफ बरा" असंही कोणीतरी म्हणतंच. एका अर्थी बरा आहेच, १९५२ च्या कायद्यापासून वीस किंवा त्याहून जास्त माणसं असली की कामगाराचे १२ आणि मालकाचे १२, तू आधी टाक मग मी टाकतो असला प्रकार नाही. पण तिथे सक्ती १५,००० रुपये पगारापर्यंतची, २०१४ ला ठरलेला तो आकडा पुढे दहा वर्षं तरी हलला नाही, आणि बेसिक कमी दाखवून बाकी भत्त्यांत टाकायची कला आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको, ते प्रकरण तर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. पळवाटा तिकडेही आहेतच. फरक एवढाच की तिकडे मालक रक्कम कमी करायला बघतो, इकडे ती द्यावी लागणारी माणसंच कमी असली तर त्याचं भागतं.

तिसरा आक्षेप छोट्या मालकांचा, आणि आता आपल्यातही क्लिनिक, कन्सल्टिंग, ग्रोसरी, मोटेल चालवणारे कमी नाहीत, त्यामुळे हा मला तोंडावर ऐकायला मिळतो. परवडत नाही म्हणतात. नवीन प्लॅन सुरू करत असाल तर ५० पर्यंत माणसांच्या कंपनीला साधारण एक लाखाच्या आत पगार असलेल्या प्रत्येक माणसामागे मालकाने घातलेल्या पैशांतले १,००० डॉलरपर्यंत सरकार टॅक्स क्रेडिट म्हणून परत देतं, पहिली दोन वर्षं पूर्ण, मग ७५, ५०, २५ टक्के. म्हणजे ४०,००० वाल्याला दिलेल्या १,२०० मधले १,००० पहिल्या दोन वर्षांत परत आले, मालकाचे गेले दोनशे. प्लॅन चालवायच्या खर्चालाही वेगळं क्रेडिट आहे. हे सगळं घेऊनही परवडत नसेल तर मग स्वतःचे पंचेचाळीस हजार कसे परवडले ते सांगा.

आणि ज्यांना करायचंय त्यांना कायदा बदलायची वाट बघायची गरजही नाही. साधा ४०१के असेल, सेफ हार्बर मॅच नसेल, तर कॅलेंडर वर्षाच्या प्लॅनमध्ये डिसेंबर लागायच्या आत त्याच वर्षासाठी सरसकट ३ टक्क्यांचा बदल करता येतो. ती तारीख चुकली तर पुढच्या वर्षाच्या शेवटापर्यंत मागच्या वर्षासाठी करता येतो, फक्त मग ४ टक्के द्यावे लागतात. मॅचवाला सेफ हार्बर आधीपासून असेल त्यांनी पुढच्या जानेवारीपासून बदलावं, त्यासाठी प्लॅन बघणाऱ्या कंपनीला ऑक्टोबरच्या आसपास फोन केलेला बरा, नोव्हेंबरात त्यांच्याकडे कोणी फोन उचलत नाही.